माईक साहेबांचा, टाळ्या आपल्या, कॉलेज गप्प

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं लेकरू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय ‘स्त्री भ्रूणहत्या : एक सामाजिक कलंक’. बारा-चौदा स्पर्धक. बहुतेकांची सुरुवात कवितेने. मग जिजाऊ, सावित्रीबाई, कल्पना चावला, सगळ्यांच्या तोंडी त्याच क्रमाने. आवाज चढवायच्या जागा सारख्या, मूठ वळायची जागा सारखी. घंटा वाजायच्या आत टाळ्यांचं वाक्य. आणि एवढ्या भाषणांत एकाच्याही तोंडून ८०७ हा आकडा आला नाही.

८०७ म्हणजे काय? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८०७. अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात कमी. त्याच्या आधीच्या, म्हणजे २००१ च्या जनगणनेत त्या ८९४ होत्या. ज्या जिल्ह्याचं नाव या गोष्टीसाठी देशभर झालं, त्याच जिल्ह्यात बसून लेकरं त्याच विषयावर बोलत होती, आणि बीडचा ‘बी’सुद्धा कोणी काढला नाही.

पहिला नंबर आलेल्या पोराला नंतर बाजूला घेऊन विचारलं, “तुझ्या गावच्या अंगणवाडीत पोरं किती, पोरी किती?” तो गोंधळला. म्हणाला, “सर, ते भाषणात नव्हतं.”

“भाषण कोणी लिहिलं?”

“आमच्या सरांनी.”

पोराची चूक नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने मन लावून केलं. चूक शिकवणाऱ्यांची आहे, आणि त्यात मीही आलो, कारण ट्रॉफीच्या कागदावर सही माझीपण होती.

आता मुद्दा. आपल्या कॉलेजांत लेकरांना बोलायला शिकवलंच जात नाही. शिकवतात ते पाठांतर. आणि ज्याला पाठांतर जमत नाही त्याला शिकवतात गप्प बसणं. शंभरातल्या दोघा-तिघांना स्पर्धेला पाठवायचं, ट्रॉफी प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावायची, आणि बाकीच्या सत्त्याण्णव जणांनी तीन वर्षांत एकदाही वर्गापुढे उभं न राहता डिग्री घेऊन जायचं. याला आपण उच्च शिक्षण म्हणतो.

आपला जिल्हा मुका आहे असं कोणी म्हणणार नाही. साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना १९६७ साली याच बीडने लोकसभेत पाठवलं. नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे आणि अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन याच मातीत बोलायला शिकले आणि दिल्लीपर्यंत ऐकू गेले. पक्ष कोणताही असो, त्या दोघांची सभा ऐकलेला माणूस अजून पारावर त्यांच्या नकला करून दाखवतो. आजही दसऱ्याला एक मेळावा सावरगावला, दुसरा नारायणगडावर. गाड्या भरून माणसं जातात. ऐकायला जातात.

ऐकायलाच जातात, हीच माझी तक्रार आहे. मेळाव्याला जाऊ नका असं मी म्हणत नाही, जरूर जा. पण आपल्या पोरांच्या मोबाईलमध्ये बघा एकदा. साहेबांच्या, ताईंच्या, दादांच्या भाषणाचा आवाज लावून त्यावर ओठ हलवलेले रील. आवाज दुसऱ्याचा, ओठ आपले. वीस वर्षांचा पोरगा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, स्वतःच्या आवाजात दोन मिनिटं स्वतःच्या गावच्या पाण्यावर बोल म्हटलं की खाली बघतो. साहेबांचा डायलॉग मात्र श्वासासकट पाठ.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे कसं वाटलं असतं? बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ नावाचा हुकूम होता. सभा घ्यायची, भाषण करायचं, तर आधी सरकारची परवानगी. चार माणसं जमवून जाहीर बोलणं हाच गुन्हा ठरायचा. स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीने तुरुंगात जाऊन जे मिळवलं त्यात हेही होतं, की सामान्य माणसाने चारचौघांत उभं राहून आपलं म्हणणं मांडावं आणि त्याला कोणी उचलून नेऊ नये. दरवर्षी १७ सप्टेंबरला कॉलेजात झेंडावंदन होतं. पाहुणे बोलतात, संस्थाचालक बोलतात, प्राचार्य बोलतात. मुलं उन्हात उभी राहून ऐकतात. परवानगीचा हुकूम गेला, सवय राहिली.

बरं, अभ्यासक्रमात नाही म्हणावं तर तसंही नाही. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलं. एईसी, एसईसी, व्हीएसी, सीसी अशी आद्याक्षरांची माळच आहे. भाषा आणि संवादकौशल्याला त्यात जागा आहे, क्रेडिट आहेत, तास आहेत. पण परीक्षेत काय विचारतात? ‘संवादाचे अडथळे स्पष्ट करा.’ ‘उत्तम वक्त्याचे गुण लिहा.’ लिहा! पोहण्याची परीक्षा कागदावर घेतली तर पाचवीतलं पोरगंसुद्धा हसेल. इथं आपण बोलण्याची परीक्षा कागदावर घेतो आणि त्याचे मार्क गुणपत्रिकेवर छापतो.

मी स्वतः काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो. सेमिनारचे दहा मार्क असायचे. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने उभं राहून विषय मांडायचा. सेमिस्टर संपत आलं की ऑफिसातून यादी यायची, “सर, सेमिनारचे मार्क भरून द्या, आजच पाठवायचेत.” कोणाचा सेमिनार? कधी झाला? मी एकदा विचारलं तर उत्तर आलं, “सर, तुम्ही नवीन आहात का?” आठ, नऊ, आठ, नऊ असे मार्क खाली उतरत गेले. मीही भरले. लाज वाटते, पण भरले.

ग्रुप प्रेझेंटेशनचं तर विचारूच नका. पहिल्या स्लाईडवर पाच नावं. पीपीटी झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवरून आलेली, गेल्या वर्षीच्या बॅचचं नाव एखाद्या कोपऱ्यात तसंच. एकजण स्लाईड वाचतो, बाकीचे चार भिंतीला टेकून हात मागे बांधून उभे, जणू शिक्षा झालीय. शेवटी ‘धन्यवाद’ची गुलाबाचं फूल असलेली स्लाईड. सगळ्यांना सारखे मार्क.

ही लेकरं टोळीत वाढलेली आहेत हो! ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोराला टोळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, असे अनेक कोयते मिळून टोळी. कोण तोडणार, कोण मोळ्या बांधणार, कोण डोक्यावर वाहून गाडी भरणार, सगळं ठरलेलं. एक कोयता बसला की गाडी अडते आणि कोणामुळे अडली हे फडात सगळ्यांना कळतं. आईबापाला टोळीत कामचुकारपणा परवडत नाही, आणि त्यांच्याच पोराला कॉलेज शिकवतं की नाव पहिल्या स्लाईडवर असलं की झालं.

मग कसं शिकवावं? मी एक प्रयोग करून बघितला. फार मोठा नाही, पण त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगितलं, कविता नको, थोर पुरुष नकोत, ‘अध्यक्ष महोदय’ नको. प्रत्येकाने असा एक माणूस निवडायचा जो तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतो. त्याच्याकडून एक ठरावीक गोष्ट करून घ्यायची आहे. चार मिनिटं. आधी त्याला काय अडचण आहे ते शोधा, मग तोंड उघडा. बस्स.

पहिल्या आठवड्यात हसू आणि रडू, दोन्ही झालं. एक मुलगी उभी राहिली, “माझे नाव...” म्हणाली आणि खालीच बसली. मीही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली आणि म्हणाली, “सर, पहिली मलाच उठवा, नाहीतर पोटात गोळा येतो.”

पाच जणांचा एक गट होता, तीन मुली, दोन मुलं, एकाच रस्त्यावरच्या गावांतले. त्यांचा विषय एसटी. दुपारची गाडी तास संपायच्या आत निघून जायची आणि पुढची थेट अंधार पडायच्या वेळेला. म्हणून पोरी रोज शेवटचे दोन तास सोडून स्टँडवर पळायच्या. घरात चर्चा एकच, “अंधारात यायचं तर कॉलेज बंद.” त्यांना सांगितलं, मला पटवून काय उपयोग? गाडी माझ्या हातात आहे का? तालुक्याच्या आगारात जा, डेपो मॅनेजरला पटवा.

गेले. मीही मागे उभा राहिलो. त्यांनी समस्या छान मांडली. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि दोनच प्रश्न विचारले. “रोज किती जण चढणार? आणि मुलींचे पास मोफत, मुलांचे सवलतीत, मग डिझेलचं काय?” पाचही जण गप्प. परत येताना एकजण चिडून म्हणाला, “साहेबाला द्यायचीच नाही गाडी.” मी म्हणालो, साहेबाने तुला दोन प्रश्न फुकट दिलेत, उत्तरं शोध.

मग ते कामाला लागले. दोन आठवडे पाळीपाळीने स्टँडवर आणि फाट्यावर उभं राहून रोजची डोकी मोजली. अकरावी-बारावीच्या मुली किती, सीनियरची मुलं किती, बाजारच्या दिवशी इतर प्रवासी किती. प्रत्येकाची सही आणि गाव. आणि सवलतीचं कोडं त्यातल्याच एका मुलीने सोडवलं. पासच्या सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं, म्हणजे सवलतीचा प्रवासी फुकटचा नसतो. दुसऱ्या वेळी तीच बोलली. पहिल्या आठवड्यात नाव सांगून खाली बसलेली तीच. हात थरथरत होता, कागदही थरथरत होता, पण आकडा चुकला नाही. साहेबांनी मध्येच दुसऱ्या मुलाकडे बघून प्रश्न टाकला, त्यालाही उत्तर माहीत होतं. तिसऱ्यालाही.

गाडी मिळाली का? नाही. प्रस्ताव वर पाठवल्याचं पत्र मिळालं, आणि ड्रायव्हर कमी आहेत असं तोंडी उत्तर. मी इथं गोड शेवट रंगवून सांगणार नाही. पण त्या पाच जणांना एक गोष्ट कळली जी मला चाळिशीत कळली: समोरचा ‘नाही’ म्हणाला म्हणजे संपत नाही, तिथून सुरू होतं. आणि त्या मुलीचे वडील नंतर भेटले तेव्हा म्हणाले, “काय बोलायली पोरगी! घरातपण आता हिशोब मागायली.” तक्रार होती की कौतुक, अजून ठरवतोय.

आता विरोधकांचे मुद्दे घेतो, कारण ते येणारच.

“वेळ नाही.” हिशोब करू. साठ मुलं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे २४० मिनिटं. ४८ मिनिटांचे पाच तास. तेवढेच पाच तास प्रश्नोत्तरांना द्या. पाच-पाच जणांचे बारा गट, प्रत्येकी सोळा मिनिटं, म्हणजे चार तास. एकूण चौदा. दोन क्रेडिटच्या विषयाला तीस तास असतात. वरचे सोळा उरतात, त्यात काय तो सिद्धान्त शिकवा.

“भाषणकला उपजत असते.” मग कीर्तनकार जन्मतःच कीर्तन करतो का? आधी वर्षानुवर्षं टाळ घेऊन मागे उभा राहतो. अभंग धरायचा कसा, दृष्टांत कुठं द्यायचा, शेवटच्या रांगेतली म्हातारी पेंगायला लागली की गजर कधी करायचा, हे तो बघून, चुकून, बोलणी खाऊन शिकतो. गावोगावच्या सप्ताहांत ही शाळा पिढ्यान् पिढ्या चालू आहे. बिनपगारी माणसं जे शिकवू शकतात ते सातव्या वेतन आयोगातल्यांना जमत नाही?

“इंग्रजी येत नाही ना मुलांना.” हा सगळ्यात मोठा घोळ. संवादकौशल्य म्हणजे इंग्रजी असं कोणी ठरवलं? ग्रामसेवकाशी, तलाठ्याशी, पीकविमा कंपनीच्या माणसाशी, मुकादमाशी इंग्रजीत बोलायचंय का? आधी मराठीत मुद्दा मांडता येऊ द्या. ज्याच्या घरी उर्दू, दखनी किंवा बंजारा बोली आहे त्याने पहिलं भाषण तिच्यात केलं तरी काही बिघडत नाही. ज्याला एका भाषेत पटवता येतं तो दुसरी शिकतो. ज्याला एकाही भाषेत येत नाही तो स्पोकन इंग्लिशच्या क्लासला नुसतीच फी भरतो.

“बोलायला शिकवलं तर पुढारी होतील, उद्या आमच्याच विरोधात बोलतील.” हे उघड कोणी म्हणत नाही. पण एका प्राचार्यांनी चहा पिता पिता मला हसत हसत हेच सांगितलं होतं. खरं कारण बहुतेक हेच आहे. आणि हो, बोलतील. होस्टेलच्या पाण्यावर बोलतील, लायब्ररीला कुलूप का असं विचारतील. विचारू द्या की.

शेवटचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. “सर, आपल्या जिल्ह्यात बोलणाऱ्याचं काय होतं ते बघितलं ना?” ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर किती घरांत आईने पोराला ‘तू मध्ये पडू नको’ म्हणून सांगितलं असेल, याची मोजदाद नाही. माझ्याही घरात ते वाक्य बोललं गेलं. त्या भीतीला मी नावं ठेवणार नाही.

पण म्हणूनच सांगतो, गटाने बोलायला शिकवणं बीडमध्ये जास्त गरजेचं आहे. एकटा बोलणारा एकटा पडतो. त्याला गाठता येतं, फोडता येतं, विकत घेता येतं. पाच जणांना सगळा विषय सारखाच माहीत असेल, कोणीही उठून कोणत्याही प्रश्नाचं उत्तर देऊ शकत असेल, तर गाठायचं कोणाला? एक हिरो आणि चार भिंतीला टेकलेले, ही पद्धत वर्गात मोडली तर उद्या गावात मोडेल. आपल्याला आणखी एक साहेब घडवायचा नाही. ज्यांना साहेबाची गरज पडत नाही अशी पन्नास माणसं प्रत्येक गावात हवीत.

कशासाठी? ग्रामसभेसाठी. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. अठरा पूर्ण झालेल्या आणि यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला तिथं बोलायचा हक्क आहे. प्रत्यक्षात काय होतं? गणपूर्ती नाही म्हणून तहकूब, मग तहकूब सभा चार टाळक्यांत, ठराव आधीच लिहिलेला, सह्या घरोघर. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये बायकांना निम्म्या जागा आहेत, तरी अनेक गावांत सरपंचबाईंच्या खुर्चीमागे पती उभा. तिला कोणी कधी बोलायला शिकवलं होतं?

आणि एक आकडा सांगतो, तो विसरू नका. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे जगापुढे आणलं पत्रकारांनी, महिला संघटनांनी, आमदारांनी. त्यांचे उपकार आहेतच. पण त्याच काळात या बायकांच्या लेकी आपल्या कॉलेजांच्या बाकांवर बसल्या होत्या. घरातली गोष्ट त्यांना आकड्याच्या आधी माहीत होती. त्या वेळी आपण त्यांच्याकडून ‘उत्तम वक्त्याचे गुण’ लिहून घेत होतो.

बाबासाहेबांनी १९५६ साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, तब्येत साथ देत नसताना मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा काढली. पहिल्या तुकडीत विद्यार्थी अवघे पंधरा. घटना लिहिलेल्या माणसालाही वाटलं की लोकशाहीत काम करायचं तर ते शिकावं लागतं, शिकवावं लागतं. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळावं म्हणून माणसांनी सतरा-अठरा वर्षं लढा दिला. १४ जानेवारी १९९४ ला ते नाव मिळालं. त्या नावाच्या विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजात पोरगी तीन वर्षांत एकदाही तोंड न उघडता पदवीधर होत असेल, तर कमानीवरचं नाव वाचायचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून मागण्या साध्या आहेत.

एक. संवादकौशल्याचा लेखी पेपर बंद करा. प्रत्येक विद्यार्थ्याची दोन भाषणं, एक एकट्याचं पटवून देणारं, एक गटाचं. न बोलता मार्क नाहीत.

दोन. गटातला कोणता भाग कोण बोलणार हे ऐन वेळी चिठ्ठी टाकून ठरवा. मग बघा पाचही जण अभ्यास करतात की नाही.

तीन. ऐकणाऱ्यालाही मार्क द्या, चांगल्या प्रश्नाचे. टाळ्यांना मार्क नाहीत.

चार. समोर खरा माणूस बसवा. ग्रामसेवक, बँकेचा अधिकारी, डेपो मॅनेजर, आरोग्य केंद्राचे डॉक्टर. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं असा.

पाच. हे तास सकाळी ठेवा, पोरींची गाडी चुकणार नाही असे. आणि आईबापाबरोबर फडावर गेलेली मुलं मार्चनंतर परत येतात, त्यांची भाषणं तेव्हा घ्या. त्यांना गैरहजर मांडू नका.

सहा. जो तासिकावाला हे सगळं करणार आहे, त्याचं मानधन वेळेवर द्या. उपाशी माणूस दुसऱ्याला काय बोलायला शिकवणार?

पालकांनो, कॉलेजात फी भरायला जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: “माझं लेकरू यंदा वर्गापुढे किती वेळा उभं राहिलं?” उत्तर आलं नाही तर तिथंच उभे राहा.

विद्यार्थ्यांनो, साहेबांचं रील थोडं बाजूला ठेवा. तुमच्या गावची एक अडचण आणि ‘नाही’ म्हणू शकणारा एक माणूस शोधा. चार मिनिटं तयार करा, आधी आईपुढे बोलून बघा. आईला पटलं तर डेपो मॅनेजर काहीच नाही.

आणि प्राध्यापक मित्रांनो, तुम्हाला हे पटलं नसेल तर खाली येऊन भांडा. माझं कुठं चुकतंय ते मुद्द्याने सांगा. ‘छान लिहिलंय सर’ आणि हात जोडलेले इमोजी नकोत, त्याने काही होत नाही.